नाशिकच्या परिसराचा मॉडेल रेल्वे लेआउट: डोंगर, खडी, झाडं आणि इमारती कशा उभ्या करायच्या

रूळ टाकून झाले, गाडी न अडखळता फिरायला लागली, की पुढचा प्रश्न येतो: आता आजूबाजूला काय करायचं? बहुतेक नवखे इथे परदेशी तयार पाकिटं मागवतात. त्यातलं गवत बारमाही हिरवंगार, झाडं सूचिपर्णी, घरांची छपरं बर्फाळ प्रदेशातली. देवळाली-इगतपुरीची गाडी त्यातून धावते तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं. रंग आणि साहित्य इथल्या जमिनीवरून घेतलं, तर लेआउट ओळखीचा दिसतो आणि खर्चही बराच कमी होतो. हा लेख त्या पद्धतीचा आहे.

सगळी मापं एचओ, म्हणजे १:८७ (खऱ्याच्या ८७ पट लहान) या प्रमाणासाठी आणि साधारण ४ बाय २ फुटांच्या बोर्डासाठी दिली आहेत. रूळ पक्के बसलेत, वायरिंग झालंय आणि सगळे सांधे तपासून झालेत, हे गृहीत धरलं आहे. ते झालं नसेल तर पुढे जाऊ नका. खडी चिकटल्यावर सैल सांधा शोधायचा म्हणजे केलेलं काम उखडावं लागतं.

१. आधी ऋतू ठरवा

कुठलीही खरेदी करण्याआधी महिना ठरवा. ऑगस्टमध्ये इगतपुरीचे डोंगर हिरवे असतात आणि कड्यांवरून पाणी उतरत असतं. जानेवारीत तेच डोंगर पिवळसर-तपकिरी होतात, खाली द्राक्षबागा मात्र पानांनी भरलेल्या असतात. मेमध्ये सगळंच करपलेलं, मध्येच एखादा गुलमोहर लालभडक. तिन्ही एकाच बोर्डावर आणले तर लेआउट खोटा दिसतो.

पहिल्या लेआउटसाठी जानेवारी-फेब्रुवारी निवडा, असा माझा आग्रह आहे. वाळलेलं गवत करणं हिरव्यापेक्षा सोपं आहे, वाहतं पाणी दाखवायची गरज पडत नाही आणि हिरव्या बागेमागे पिवळा डोंगर हे या जिल्ह्याचं नेमकं चित्र आहे.

काळही ठरवा. वाफेचं इंजिन धावणार असेल, तर रुळांवर विजेच्या तारा आणि शेजारी सिमेंटचे उंच पाण्याचे टँक नकोत.

२. साहित्य जमवा

* एक्सपीएस (थर्माकोलपेक्षा घट्ट, दाणे न सुटणारा फोम) इन्सुलेशन बोर्ड, २५ मिमी जाडीचा: साधारण दीड ते दोन चौरस मीटर. स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगचं सामान विकणाऱ्यांकडे चौकशी करा. सजावटीसाठीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगमधले ठोकळे आतल्या भरावासाठी चालतात, पण ते कोरताना दाणे उडतात, म्हणून वरचा थर एक्सपीएसचाच ठेवा.
* प्लास्टर ऑफ पॅरिस २ किलो, फेव्हिकॉल १ किलो.
* सनबोर्ड ३ मिमी, माउंट बोर्ड, पारदर्शक ओएचपी शीट. नाशिकमध्ये आर्किटेक्चरची कॉलेजं आहेत, त्यामुळे त्या विद्यार्थ्यांसाठी माल ठेवणाऱ्या स्टेशनरी दुकानांत हे सगळं एका ठिकाणी मिळतं.
* अॅक्रिलिक रंग: काळा, पांढरा, बर्न्ट अंबर, यलो ऑकर, रॉ सिएना, सॅप ग्रीन. हिरव्यांत एवढा एकच पुरतो.
* सुतळीचा गुंडा, भांडी घासायचा स्पंज, जुन्या वायरीतली तांब्याची तार, विझलेल्या उदबत्त्यांच्या काड्या, स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल.
* मैद्याची चाळण, मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा, लोहचुंबक.
* कटर आणि भरपूर पाती, स्टीलची पट्टी, चिमटा, ड्रॉपर, स्प्रे बाटली, मास्किंग टेप, रुंद मऊ ब्रश.

फेव्हिबाँडसारखे वासाचे गम आणि डब्यातले स्प्रे पेंट फोमजवळ आणू नका. त्यांतल्या सॉल्व्हंटने थर्माकोल आणि एक्सपीएस दोन्ही विरघळतात. फोमवर फेव्हिकॉल आणि पाण्यात मिसळणारे रंग, एवढंच.

३. गाडीची वाट आखून घ्या

डोंगर उभारण्याआधी तुमच्याकडचा सगळ्यात लांब डबा घ्या. आयसीएफचा (जुन्या पद्धतीचा) डबा या प्रमाणात साधारण २४.५ सेंमी भरतो, एलएचबीचा (नव्या पद्धतीचा, जास्त लांब) २७ सेंमी. वळणावर डब्याचा मध्य आत सरकतो आणि टोकं बाहेर फेकली जातात. डब्याच्या मध्याला आतल्या बाजूने आणि टोकाच्या कोपऱ्याला बाहेरच्या बाजूने पेन्सिल टेपने चिकटवा आणि डबा हाताने सगळ्या वळणांवरून ढकला. बोर्डावर उमटलेल्या रेषेपासून ५ मिमी सोडून पलीकडेच खडक, भिंत, खांब, जे काय करायचं ते करा. सरळ रुळावर बिनधोक धावणारी गाडी बोगद्याच्या तोंडाशी घासते, याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच असतं.

बोगद्याची उंची रुळाच्या माथ्यापासून ८० मिमी ठेवा, पेंटोग्राफ (विजेच्या इंजिनाच्या टपावरचा, तारेला टेकणारा सांगाडा) उघडा ठेवून चालवणार असाल तर ९० मिमी. बोगद्यातल्या प्रत्येक ठिकाणी हात पोचला पाहिजे. मागच्या बाजूने १५ बाय १० सेंमीची खिडकी ठेवा किंवा डोंगराचा माथाच उचलता येईल असा करा. गाडी घसरते ती नेमकी आतच.

चढाबद्दलही इथेच सांगतो. कसारा घाटातला चढ ३७ ला १ आहे. तुमच्या ४ फुटी बोर्डाच्या पूर्ण लांबीवर तोच चढ दिला, तरी रूळ फक्त सव्वातीन सेंमी वर जातात. एका रुळावरून दुसरा न्यायला ९ सेंमी तरी हवेत, म्हणजे साडेतीन मीटरच्या आसपास लांबी. म्हणून छोट्या बोर्डावर रूळ चढवू नका, जमीन उतरवा: रुळाखालचा फोम एका ठिकाणी कापून तिथे ओढ्याची किंवा नाल्याची खोलगट जागा करा आणि त्यावर पूल द्या. इगतपुरीजवळचा एहेगावचा पूल जसाच्या तसा करायचा मोह होतो, पण सुमारे ५५ मीटर उंचीचा तो पूल १:८७ मध्येही ६३ सेंमी उंच होईल. त्याच धाटणीचे दोन दगडी खांब आणि १०-१२ सेंमीची खोली पुरेशी आहे.

४. डोंगर आणि कातळ

लेआउट नाशिकचा आहे हे सर्वांत आधी डोंगर सांगतो, म्हणून इथे वेळ द्या. आपले डोंगर लाव्हाच्या एकावर एक थरांनी बनले आहेत. त्यामुळे अंजनेरी, ब्रह्मगिरी पाहिलेत तर माथा सपाट, त्याखाली उभा कडा, मग गवताळ उतार, पुन्हा कडा, अशा पायऱ्या दिसतात. सुळक्यासारखा टोकदार डोंगर करू नका. नवखे तिथेच चुकतात.

एक्सपीएसच्या पट्ट्या एकावर एक रचल्या की हे थर आपोआप तयार होतात. २५ मिमीची एक पट्टी म्हणजे प्रत्यक्षातला दोन मीटरहून थोडा जास्त थर. दोन पट्ट्यांचा उभा कडा, मग दीड-दोन सेंमी मागे घेतलेला उतार, पुन्हा कडा, असं रचा. पट्ट्यांमध्ये फेव्हिकॉल फक्त ठिपक्यांनी लावा आणि टूथपिक खोचून ठेवा. पूर्ण पृष्ठभागावर लावलेलं फेव्हिकॉल फोमच्या आत वाळायला आठवडा घेतं, कारण हवा पोचत नाही.

कडा कोरताना पातं आडवं फिरवून थराची रेघ पाडा, मग उभ्या भेगा द्या, पण एकसारख्या अंतरावर नको. काही ठिकाणी तुकडा कटरने न कापता बोटाने मोडा, तुटलेली कड कातळासारखी दिसते. तापलेल्या तारेचा कटर वापरत असाल तर खिडक्या उघड्या ठेवा, तो धूर घातक असतो.

त्यावर प्लास्टरचा २ मिमीचा थर. आधी भांड्यात पाणी घ्या, मग पावडर: एक वाटी पाण्यात दोन वाट्या. उलट केलं तर गुठळ्या होतात. एका वेळी दोन वाट्यांहून जास्त पावडर कालवू नका, पाच-दहा मिनिटांत ते घट्ट होतं. भांडं आणि चमचा दर वेळी स्वच्छ धुवा, जुन्या प्लास्टरचे कण राहिले की नवं आणखी लवकर जमतं. थर ओल्या खोबऱ्याइतका घट्ट झाला की पात्याच्या टोकाने भेगा पुन्हा उघडा. हे धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो.

रंग देताना शुद्ध काळा टाळा. एवढ्या लहान प्रमाणात काळा डाग खड्ड्यासारखा दिसतो.

* पहिला हात: काळा एक भाग, पांढरा दोन भाग, बर्न्ट अंबर अर्धा भाग.
* वाळल्यावर एक भाग काळा रंग दहा भाग पाण्यात पातळ करून वरून सोडा, तो भेगांत उतरतो.
* शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशवर फिकट राखाडी घेऊन फक्त कडांवरून फिरवा.
* दोन थरांच्या मध्ये कुठेतरी विटकरी रंगाची एक बारीक आडवी रेघ द्या. लाव्हाच्या दोन थरांमध्ये भाजलेल्या लाल मातीचे पट्टे असतात. एकच रेघ पुरे.

मागचा मोठा डोंगर भरीव करायच्या फंदात पडू नका. शंभर मीटरची टेकडीसुद्धा या प्रमाणात ११५ सेंमी होते. पार्श्वभूमीच्या चित्रातच तो दाखवा. डिजिटल प्रिंटवाल्याकडून मॅट व्हिनाइलवर तुमच्याच फोटोची प्रिंट काढा. ग्लॉसी फ्लेक्सवर दिव्याचा झोत चमकतो. प्रिंटआधी फोटोतले रंग थोडे फिके आणि निळसर करा, म्हणजे डोंगर लांब जातो.

५. माती

खरी माती वापरा, पण आधी मैद्याच्या चाळणीने चाळा आणि जुन्या तव्यावर मंद आचेवर अर्धा तास भाजा. न भाजलेल्या मातीत बुरशी आणि किडे असतात, आणि ते पावसाळ्यात बाहेर येतात. घाटाकडची तांबूस मुरमाड माती सर्वांत सोपी. निफाडकडची काळी माती दिसते छान, पण ओली झाल्यावर फुगते आणि वाळताना आकसून भेगाळते, खपलीसारखी उचलली जाते. ती वापरायचीच असेल तर जमिनीला आधी गडद तपकिरी रंग द्या, त्यावर फेव्हिकॉलचा हात मारा आणि माती फक्त भुरभुरा, एक मिमीहून कमी. फेव्हिकॉलने माती नेहमी एक छटा गडद होते, हे धरूनच रंग निवडा.

६. खडी

रुळाखालची खडी प्रत्यक्षात जास्तीत जास्त ६५ मिमीची असते, म्हणजे १:८७ मध्ये पाऊण मिमी. बाजारातली बरीचशी 'मॉडेल खडी' याहून जाड असते आणि रूळ खेळण्यातले दिसतात. क्रशरवरची काळ्या दगडाची कच (दगड फोडताना पडणारा बारीक चुरा) आणा. मच्छरदाणीतून खाली पडलेली आणि मैद्याच्या चाळणीवर उरलेली, ती तुमची खडी. धुवून पूर्ण वाळवा. एका मीटर रुळाला साधारण १५० ते २०० ग्रॅम लागते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतं. लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कचेतून फिरवा, काळे बारीक कण त्याला चिकटून येतील. पिशवी बाजूला नेऊन उलटी करा, पुन्हा फिरवा, कण येणं जवळजवळ थांबेपर्यंत. हे केलं नाही तर इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक हे कण रुळावरून उचलून घेतं आणि काही दिवसांत मोटर घरघरते, मग जाम होते. नदीच्या काळ्या वाळूचंही तेच. चुंबकाने शेवटपर्यंत कण येतच राहिले, तर ती कच सोडा आणि चाळलेला मुरूम राखाडी रंगवून वापरा.

खडी टाकायची पद्धत:

* कोरडी खडी चमच्याने दोन रुळांच्या मध्ये आणि बाजूला टाका, मऊ ब्रशने पसरवा. स्लीपरच्या माथ्याच्या किंचित खाली राहिली पाहिजे. रुळाच्या आतल्या कडेला एकही दाणा नको, चाकाची कड तिथूनच जाते.
* स्प्रे बाटलीत पाणी आणि भांडी धुण्याच्या लिक्विडचे तीन थेंब. हातभर लांबून, वरच्या दिशेने फवारा, म्हणजे तुषार अलगद खाली येतात. थेट मारला तर खडीत खड्डे पडतात. खडी पूर्ण ओली झाली पाहिजे.
* एक भाग फेव्हिकॉल, दोन भाग पाणी, लिक्विडचा एक थेंब. ड्रॉपरने थेंबथेंब सोडा. थेंब खडीवर गोळा होऊन बसला तर खडी पुरेशी ओली नाही, पुन्हा फवारा.
* एक अख्खा दिवस हात लावू नका. पावसाळ्यात दोन.

सांधा बदलाच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेच्या) हलत्या पट्ट्यांजवळ खडी अगदी विरळ टाका, आणि चिकटवण्याआधी पट्ट्यांच्या सांध्याला सुईच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब द्या. वाळेपर्यंत दर तासाने पट्ट्या एकदा हलवत राहा. शेवटी रुळाचा माथा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि गाडी चालवून बघा.

७. गवत, झाडं आणि द्राक्षबाग

जानेवारीच्या गवतासाठी सुतळीच चांगली. ४-५ मिमीचे तुकडे कापा, बोटांनी चोळून धागे सुटे करा. रंग मुळातच वाळलेल्या गवताचा असतो. उतारावर फेव्हिकॉल लावून झुपक्यांनी उभे दाबा, एकसलग गालिचा करू नका. मध्ये माती आणि दगड दिसू द्या. थोडे तुकडे यलो ऑकरच्या पातळ पाण्यात बुडवून वाळवले की दुसरी छटा मिळते.

झाडासाठी तांब्याच्या दहा-बारा तारा पिळून खोड, मग दोन-दोन सोडत फांद्या. फेव्हिकॉलमध्ये थोडं प्लास्टर कालवून त्याचा हात दिला की साल दिसते. स्पंज ओला करून जुन्या मिक्सरमध्ये फिरवा, पिळून रंगवा, वाळवा आणि फांद्यांना चिकटवा. बाभूळ ६ ते ७ सेंमी, माथा पसरट आणि विरळ. वड १५ ते १७ सेंमी, पारंब्या शिवणाच्या दोऱ्याच्या. नवख्यांची झाडं बहुधा फार बुटकी होतात.

द्राक्षबागेत ओळींमधलं अंतर ९ फूट, म्हणजे ३१ मिमी. वेलींमधलं ५ फूट, म्हणजे १७ मिमी. तारेचा इंग्रजी वाय आकाराचा आधार २२-२३ मिमी उंच. प्रत्येक ओळीला पाच-सहा आधार रोवा, वर बारीक तार ओढा आणि स्पंजचा भुगा दोन्ही बाहूंवर लावा. वर छत, खाली मोकळी सावली आणि स्वच्छ जमीन दिसली पाहिजे. ओळी पट्टीने आखूनच करा, इथे निसर्गाचा वेडेवाकडेपणा चालत नाही.

८. कांदा चाळ: पहिली इमारत

स्टेशनपेक्षा कांदा चाळीपासून, म्हणजे शेतातल्या कांदा साठवायच्या हवेशीर शेडपासून, सुरुवात करा. एका संध्याकाळीत होते आणि लासलगाव-निफाडच्या वाटेवर ती नसेल असं शेत विरळा.

पाखी (चाळीचा कांदा भरायचा एक लांबट कप्पा) १२ मीटर लांब धरा, म्हणजे १३८ मिमी. रुंदी ४ फूट, म्हणजे १४ मिमी. जमिनीपासून तळ ६ मिमी वर, कारण खालून हवा खेळली पाहिजे. अशा दोन पाख्या समोरासमोर आणि मध्ये वाट, वर एकच दुपाखी छप्पर. खांबांसाठी उदबत्तीच्या अख्ख्या काड्या, भिंतीच्या पट्ट्यांसाठी त्याच उभ्या चिरून. पट्ट्यांमध्ये अर्धा मिमी फट सोडा, त्यातून आतला कांदा दिसतो. कांद्यासाठी मोहरीचे दाणे चालतात, पण आकाराने ते मोठे पडतात. राजगिरा जास्त जवळ बसतो. लालसर गुलाबी रंगात घोळून फेव्हिकॉलने पक्का करा, नाहीतर मुंग्या येतात.

छपराच्या पत्र्यासाठी जुन्या पद्धतीची बारीक दातांची फणी घ्या. तिच्यावर फॉइल ठेवून बोथट काडीने प्रत्येक खाचेत दाबा, फणी सरकवून पुढचा भाग करा. निघालेला पन्हाळीचा पत्रा १४ मिमी रुंदीच्या तुकड्यांत कापा आणि एकावर एक कडा चढवून पुठ्ठ्यावर चिकटवा. फॉइलवर रंग टिकत नाही, म्हणून आधी मेटल प्रायमरचा पातळ हात द्या. हा हात छप्पर फोमपासून लांब असतानाच द्यायचा.

चाळ जानेवारीच्या लेआउटवर रिकामी किंवा थोडीच भरलेली दाखवा. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, भरलेली चाळ त्यानंतरची.

९. स्टेशन आणि फलाट

फलाटाची कड रुळाच्या मध्यापासून २० मिमी आणि रुळाच्या माथ्यापासून ९ मिमी उंच. प्रत्यक्षातलं अंतर १९ मिमीच येतं, पण मॉडेलचा डबा डुलतो. वळणावर फलाट करायचाच असेल तर तिसऱ्या पायरीतल्या रेषेवर जा.

खरं स्टेशन पूर्ण लांबीत बसत नाही. ते लहान करताना दरवाजे-खिडक्यांची संख्या कमी करा, मापं नाही. दार २४ मिमी, माणूस १९ मिमी. दार लहान झालं की सगळी इमारत बाहुलीघर होते. भिंती ३ मिमी सनबोर्डच्या, कोपरे ४५ अंशांत कापलेले. दगडी भिंतीचा कागद चिकटवणार असाल तर प्रिंट लेझर प्रिंटरवर काढा. इंकजेटची शाई ओल्या फेव्हिकॉलने पसरते. कागदाच्या पांढऱ्या कडा राखाडी पेनाने रंगवा. खिडक्या खूप असतील तर फलक आणि ट्रॉफी बनवणाऱ्यांकडच्या लेझर मशीनवर माउंट बोर्ड कापून घ्या. फाइल कुठल्या स्वरूपात लागते ते आधी विचारा आणि रेषा एकावर एक दोनदा आलेल्या नाहीत हे बघा, नाहीतर कड जळते.

नावाची पाटी पिवळी, अक्षरं काळी, मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन ओळी. विजेचे खांब रुळाच्या मध्यापासून ३० मिमी, साधारण ९० मिमी उंच, मळकट राखाडी. प्रत्यक्षात सरळ रुळावर ते ७२ मीटरपर्यंत लांब असतात, म्हणजे ८३ सेंमी. छोट्या बोर्डावर २५-३० सेंमी ठेवा. पहिल्या लेआउटवर तार ओढू नका, रूळ पुसताना हात अडकतो.

१०. पाणी

ओढ्यात पाणी हवंच असेल तर तळ गडद रंगवा आणि क्लिअर एपॉक्सी ३ मिमीहून पातळ थरांत ओता. फायबरचं काम करणाऱ्यांकडचं पॉलिस्टर रेझिन नको, ते फोम खातं. ओतण्याआधी कडा प्लास्टरने बंद करा. केसाएवढ्या फटीतूनही ते रात्रभरात खाली टेबलावर उतरतं.

११. पावसाळ्याची तयारी

लेआउटच्या बोर्डाच्या प्लायवूडला दोन्ही बाजूंना आणि कडांना प्रायमर द्या. एकाच बाजूला दिला तर बोर्ड जुलैत वाकतो आणि रुळांचे सांधे उचलले जातात. लेआउट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. झाकायला सुती चादर घ्या, प्लास्टिक नको. आत दमट हवा कोंडली की सुतळी आणि पुठ्ठा दोन्हीला बुरशी धरते. पांढरी बुरशी दिसलीच तर ती ओल्या फडक्याने पुसू नका. कोरड्या ब्रशने झाडा, आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारा आणि दिवसभर पंखा लावून ठेवा. सप्टेंबरअखेर एकदा सगळे रूळ पुसून, सांधा बदल हलवून बघा आणि मगच इंजिन रुळावर ठेवा.